गंगी पुण्याला गेली नव्हती

फोन आला तेव्हा मी कोडोलीच्या शाळेत चौथीचे पेपर तपासत बसलो होतो. फोन सन्मतीचा होता, मगदूमबाईंच्या थोरल्या मुलाचा. "काका, अव्वा गेली," एवढंच तो म्हणाला. त्यांच्या घरात आईला अव्वा म्हणतात. मी "कधी?" विचारलं, त्यानं "पहाटे" सांगितलं, मी "येतो" म्हणालो आणि फोन ठेवला. मग राहिलेले सात पेपर तपासले, बेरजा पुन्हा करून पाहिल्या, हेडमास्तरांना सांगितलं आणि मोटरसायकल काढून कबनूरला गेलो. वाटेत मला फक्त राग येत होता, आणि तो माझा माझ्यावरच होता. कारण बारा दिवसांपूर्वी बाईंनी मला एक सरळ प्रश्न विचारला होता, आणि मी त्यांना चक्क खोटं उत्तर देऊन आलो होतो. पुन्हा जाऊन ते दुरुस्त करावं असं रोज ठरवत होतो. आज पेपर, उद्या मीटिंग, परवा पाहुणे... आता कुणाकडं जाणार?

त्रिशला मगदूम म्हणजे आमच्या मे महिन्यातल्या शिबिराच्या मुख्य प्रशिक्षक. कोल्हापुरातल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी दहा दिवसांचं उन्हाळी शिबिर भरतं. बाई ते चौदा वर्षं चालवत होत्या आणि शेवटची काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. प्राणिशास्त्रात बीएस्सी केलेली ही बाई लग्न होऊन कबनूरला आली ती यंत्रमागाच्या घरात. दिवसभर मागांचा खडखडाट, त्यात बोलायचं तर ओरडूनच. त्यामुळं चाळीस पोरांना गप करायला बाईंना ना शिट्टी लागायची, ना भोंगा. "ए, हिकडं बघा रं!" म्हणाल्या की पोरंच काय, पलीकडच्या पिंजऱ्यातलं सांबरही मान वर करायचं. गळ्यात कार्ड, पायात मुलाचे जुने बूट, पदर खोचलेला आणि खांद्याला घरून गाळून आणलेल्या पाण्याची बाटली. बाहेरचं पाणी त्या प्यायच्या नाहीत आणि दिवस मावळल्यावर जेवायच्या नाहीत. कांदा-बटाटाही वर्ज्य. पक्क्या जैन घरातल्या, आणि त्यात कुठंही सवलत नाही. पण रोज सकाळी मांसाहारी जनावरांच्या खाद्याचं वजन मुलांसमोर त्या स्वतःच्या हातानं करायच्या. नात्यातल्या कुणीतरी एकदा त्यांना यावरून टोकलं. बाई म्हणाल्या, "त्येचं त्यो खातोय. मी कुठं खातीया?" विषय संपला.

पहिल्या दिवशी मुलांना काहीही शिकवायचं नाही, ही त्यांची रीत होती. प्रत्येकानं एकच पिंजरा निवडायचा, समोर पाऊण तास बसायचं आणि जे दिसेल तेवढंच वहीत लिहायचं. 'मगर फार क्रूर असते' असं कुणी लिहिलं की बाई विचारायच्या, "दिसलं काय तुला?" पोरगं मुकाट्यानं खोडायचं. 'बिचारा' हा शब्द तर शिबिरात बंदच होता. मला हे सगळं तेव्हा अती वाटायचं. मी मास्तर माणूस, मला गोष्ट सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्याच वर्षी मी कोल्ह्यासमोर उभा राहून धूर्त कोल्ह्याची गोष्ट रंगवत होतो, पोरं खिदळत होती, आणि बाई मागून आल्या. "गुरुजी, गोष्ट घरात सांगा की. हितं समोर जनावर उभं हाय." मला असा संताप आला की दुपारचा डबा मी गाडीवर बसून एकट्यानंच खाल्ला. नंतर पाहिलं तर मी गोष्ट सांगत असताना पोरांपैकी एकानंही कोल्ह्याकडं बघितलेलं नव्हतं. तो तेवढ्या वेळात पिंजऱ्यातून तीनदा फेरी मारून गेला होता. हे मी बाईंना कधी कबूल केलं नाही.

त्यांचा स्वभाव कळावा म्हणून आणखी एक सांगतो. गेल्या वर्षी शाहूवाडीकडची अनुजा नावाची एक मुलगी सुट्टीला मामाकडं आली होती, मामानं तिला शिबिरात घातलं. गव्याची माहिती चालू होती. ही पोरगी जांभई देऊन मोठ्यानं म्हणाली, "ह्यो आमच्या भाताच्या शेतात फुकट येतोय." मी तिला गप करणार एवढ्यात बाईंनी तिचा हात धरून तिला पुढं आणलं, स्वतः पोरांत जाऊन मांडी घालून बसल्या आणि तासभर तिला प्रश्न विचारत राहिल्या. कळपात किती असतात, कुत्रं भुंकल्यावर काय करतात, आधी शेंडा खातात का बुडखा. पोरगी घाम पुसत उत्तरं देत होती. बाई ती वहीत उतरून घेत होत्या, खरोखर उतरून घेत होत्या, देखावा नव्हता तो.

आता गंगीबद्दल. गंगी म्हणजे आमच्याकडची म्हातारी तरस मादी. मागचा एक पाय ओढत चालायची, दिवसभर गुहेच्या तोंडाशी सावलीला पडून असायची. पहिल्या दिवशी पोरं तिला हसायची आणि चौथ्या दिवशी तिच्यासाठी भांडायची, हे दर वर्षीचं. चार वर्षांपूर्वी शिबिराच्या पाचव्या दिवशी अक्षय्य तृतीया आली. बाई फक्त त्या दिवशी सुट्टी घ्यायच्या. जैनांचा तो मोठा दिवस, बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, उसाच्या रसाचं महत्त्व असतं, त्या घरच्यांबरोबर तिकडं जायच्या. शिबिर माझ्यावर सोपवलेलं. सकाळी मी पोचलो तर गंगी मेलेली. डॉक्टर येऊन गेले होते, तिला आत हलवलं होतं. तेवढ्यात फाटकातून पोरं आलीच, मागं आईबाप. "गुरुजी, गंगी कुठं हाय?" चाळीस तोंडं वर करून बघतायत... माझ्या तोंडून निघून गेलं, "गंगीला पुण्याला नेलंय. औषधपाण्याला." एक आई कौतुकानं हसली, मला वाटलं, जमलं. पण मग पोरं म्हणाली, आम्ही तिला पत्रं लिहितो. मी नको कसं म्हणू? दोन तास त्यांनी पत्रं लिहिली, चित्रं काढली. 'गंगी, लवकर बरी हो.' 'गंगी, पुण्यात ऊन कमी आहे का?' आणि ती सगळी पत्रं मी माझ्या पिशवीत भरून घेतली. पाठवतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मी त्यांना गंगी गेल्याचं सांगितलं आणि वर पत्रांचंही सांगितलं, जरा अभिमानानंच. त्यांनी फक्त पिशवी मागितली. पोरांना गंगीच्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर बसवलं आणि उभ्या राहून म्हणाल्या, "गंगी काल सकाळी मेली. ती पुण्याला गेली न्हाय. तुमी रडशिला म्हणून गुरुजींनी खोटं सांगितलं. पण खोटं ते खोटंच." मग एकेकाला ज्याचं त्याचं पत्र परत दिलं. काही पोरं रडली, बाईंनी रडू दिलं. एकानं विचारलं, आता तिचं काय करणार? बाईंनी सगळं सांगितलं, डॉक्टर शरीर तपासतात, मग दहन करतात, नियम काय आहेत. पोरांनी तेही वहीत लिहिलं. मी बाजूला खांबासारखा उभा. आयुष्यभर पोरांना खरं बोला, खरं बोला म्हणून छड्या मारलेला माणूस मी, आणि चाळीस पोरं माझ्याकडं बघत होती.

नंतर ऑफिसात मी बाईंना नको नको ते बोललो. पोरांपुढं माझी अब्रू घालवलीत म्हणालो. दोन पालकांनी दुसऱ्या दिवशी मुलं पाठवली नाहीत, त्याचंही खापर त्यांच्यावर फोडलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "पोरांनी मेलेल्या जनावराला पत्रं लिवली, गुरुजी. उत्तराची वाट बघत बसली असती, मग काय करणार हुतासा?" मी आणखी चिडलो. उरलेले दिवस अबोल्यात काढले आणि पुढच्या वर्षी गेलोच नाही. त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये बाई एसटीनं कोडोलीला आल्या, माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसल्या आणि तास संपल्यावर म्हणाल्या, "येतासा न्हवं? तुमच्यावाणी पोरांस्नी रांगेत कोण उभं करत न्हाय." माफीबिफी काही नाही. त्यांनी मागितली नाही, मीही मागितली नाही. मी गेलो.

दिवाळीनंतर त्यांचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, दवाखाने झाले. मार्चच्या मध्याला मी भेटायला गेलो तेव्हा सन्मतीनं मला दारातच बाजूला घेतलं. गाठ होती, पुढं गेलेली, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. "अव्वाला अल्सर म्हणून सांगितलंय, काका. तुमी काय बोलू नका." त्याचे डोळे सुजलेले होते. त्याचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, आईसाठी मुलगा दुसरं काय करील? मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं, अवघड काम अंगावरून गेलं म्हणून.

त्या दिवशी वीज गेलेली होती आणि माग बंद होते. कबनूरमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. बाई पुढच्या खोलीत खाटेवर होत्या, फार वाळल्या होत्या. त्यांनी सुनेला माझ्यासाठी ताक आणायला आत पाठवलं, आणि ती गेल्याबरोबर हळू आवाजात विचारलं, "गुरुजी, मला काय झालंय?" ज्या बाईला मी कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं, तिनं हळू विचारलं. घरात एवढी माणसं, नातलग, डॉक्टर... आणि त्यांनी नेमकं मला विचारलं. मी म्हणालो, "अल्सर आहे. मेपर्यंत ठणठणीत व्हाल. शिबिर तुम्हीच घेणार." बाई माझ्याकडं बघत राहिल्या.  मग म्हणाल्या, "म्हंजे मलाबी पुण्याला धाडलासा की."

आणि मी हसलो! काय करावं सुचेना म्हणून हसलो. त्याही थोड्या हसल्या. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सून ताक घेऊन आली. "घ्या, पिऊन घ्या," बाई म्हणाल्या, "ऊन लई हाय, लांब जायचंय तुमाला." मी ताक प्यालो आणि निघालो.

बाई जाऊन आता दीड महिना होत आला. परवा शिबिर सुरू झालं आणि मुख्य प्रशिक्षकाचं कार्ड आता माझ्या गळ्यात आहे. पहिल्या दिवशी फाटकात पोरं जमली, मागं आईबाप उभे होते. अनुजा यंदाही मामाकडं आली होती, वीतभर उंच झाली होती. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि विचारलं, "मगदूमबाई कुठं हायत?" मी म्हणालो, "बाई वारल्या. मार्चअखेरीला. पोटात गाठ झाली होती." एक वडील माझ्याकडं जरा नापसंतीनं बघायला लागले.  अनुजा म्हणाली, "त्यास्नी म्हाईत हुतं काय, आपण मरणार हाय ते?"

ठाऊक नाही म्हणालो असतो तर चाललं असतं. कुणी काही विचारणार नव्हतं. मी म्हणालो, "माहीत होतं. पण त्यांनी मला खरं काय ते विचारलं होतं, आणि मी त्यांना खोटं सांगितलं."

सगळी पोरं माझ्याकडं बघत होती. मला त्यांची लाज वाटली, पण मी मान खाली घातली नाही.

"मग त्या रागावल्या काय तुमच्यावर?" अनुजानं विचारलं.

"न्हाय," मी म्हणालो. "मला ताक पाजलं."