डाव्या सीटवरचे मास्तर

मास्तरांनी एकतीस वर्षं गाडी शिकवली. गावातल्या निम्म्या लोकांचे हात त्यांनी चाकावर बसवले. डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे शिकल्या, शाळेच्या हेडबाई शिकल्या, आणि भाजीवाला तर तिसऱ्यांदा परीक्षेत पास झाला तेव्हा त्यांच्या गळ्यात पडून रडला. पण गंमत अशी की मास्तरांवर स्वतः गाडी चालवायची पाळी फारशी यायचीच नाही. शिकणारेच त्यांना सकाळी दारातून घेऊन जायचे आणि शिकणारेच संध्याकाळी दारात आणून सोडायचे. चाक उजवीकडे, तिथे शिकणारा. डावीकडे मास्तर. त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक आणि एक जादा क्लच, पण त्यावर ते पाय नुसता टेकवून ठेवत. त्यांचा नियमच होता, आधी तोंड, मग पाय. मास्तरानेच ब्रेक दाबला तर पोरं शिकणार कधी?

तर असे हे मास्तर आणि मास्तरीणबाई लेकीकडे परदेशात गेले, तीन महिन्यांसाठी. लेक नि जावई सकाळी आठला कामावर जात, ते सहाला परत. मधल्या वेळात ही दोघं चौथ्या मजल्यावर. बाजार लांब, बाग लांब, बसथांब्यावरच्या पाट्या वाचता येत नाहीत. मास्तरीणबाईंची दोन महिन्यांत लेकीची सगळी कपाटं लावून झाली, मग पुन्हा विस्कटून लावून झाली. समोरच्या छपरावरची कबुतरं त्यांना तोंडपाठ झाली होती. खाली मात्र लेकीची लाल गाडी नुसती उभी. लेक जायची जावयाच्या गाडीतून.

"अगं, परदेशात चालणारा परवाना आणलाय मी सोबत, शिक्क्याचा," मास्तर रोज म्हणत. "किल्ली तेवढी दे."

"बाबा, इथे सगळं उलटं आहे."

"उलटं कसलं? माझ्यासाठी तर सुलटं आहे."

आणि ते खरंच होतं. त्या देशात चाक डावीकडे. मास्तरांची एकतीस वर्षांची बसायची जागा तीच. रविवारी जावयाने त्यांना रिकाम्या मैदानात चालवायला दिली, तर गाडी अशी फिरली की जावईबापूंनी टाळ्याच वाजवल्या. शेवटी लेकीने किल्ली हातावर ठेवली. "पण बाबा, काही झालं तर किल्ली परत. मग उरलेला महिना वरतीच."

"कबुतरांसोबत," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि लगेच चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या.

पहिलंच काम, धुलाईवाल्याकडून रजई आणायची. सकाळी अकराची वेळ, रस्ता रुंद, ऊन छान. मास्तर डावीकडे चाकावर, मास्तरीणबाई उजवीकडे मांडीवर पर्स घेऊन. मास्तर खुशीत होते. आपल्या जागेवर बसल्यावर माणसाला जसं वाटतं तसं त्यांना वाटत होतं, आणि तिथेच घात झाला.

पुढे एका नळकारागिराची मोठी गाडी चालली होती, टपावर पाइप बांधलेले. रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी एक म्हातारबाबा काठी टेकत पलीकडे जायला उतरले. नळवाल्याने गाडी थांबवली. मास्तरांनी ते पाहिलं. अगदी लांबून पाहिलं. डोळ्यांत तर कधीच खोट नव्हती त्यांच्या. त्यांनी शांतपणे उजवीकडे मान वळवली आणि म्हणाले, "ब्रेक."

मास्तरीणबाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या.

"ब्रेक दाबा ताई! ताई, ब्रेक! पुढे बघा, ब्रेक!"

ताई म्हटल्यावर मास्तरीणबाईंनी आधी मागे वळून पाहिलं, गाडीत आणखी कोण बसलंय म्हणून. मग घाबरून बिचारीने होता तो पाय जिवाच्या आकांताने दाबला. चटईवर. तिसऱ्या ओरडण्यानंतर मास्तरांचा स्वतःचा पाय ब्रेकवर पडला खरा, पण तोवर धप्प! टपावरचे पाइप भांड्यांच्या मांडणीसारखे खणखणले.

"किती वेळा सांगायचं!" मास्तर कडाडले.

मास्तरीणबाईंनी पर्स बंद केली.

"अहो," मास्तरीणबाई म्हणाल्या, "चाक तुमच्या हातात आहे."

मास्तरांनी हातांकडे पाहिलं. चाक होतं.

"आणि मी ताई कधीपासून झाले?"

कुणाला लागलं नव्हतं, म्हातारबाबा तर पलीकडे पोचून मजा बघत उभे होते. नळवाला उतरला, दाराएवढा माणूस. पण त्याने आधी दोघांना विचारलं, ठीक आहात ना? मग स्वतःच्या गाडीचं मागचं अंग हाताने चाचपलं. एक पोचा. मास्तरांच्या गाडीचा मात्र एक दिवा फुटला होता आणि नंबराची पाटी दुमडली होती. नळवाल्याचं इंग्रजी मोडकं आणि मास्तरांचंही मोडकंच, म्हणून दोघांचं छान जुळलं.

तिथली पद्धत अशी की दोघांनी मिळून एक कागद भरायचा. कसं झालं ते लिहायचं, खाली चौकोनात चित्र काढायचं आणि दोघांनी सही करायची. नळवाल्याने आपल्या गाडीतून तो कागद काढला, टपाटपा आपलं लिहिलं आणि पेन मास्तरांकडे दिलं.

मास्तरीणबाई कानाशी आल्या. "लिहा, ब्रेक लागला नाही."

"अगं, काहीतरीच."

"खोटं कुठे आहे त्यात? लागला नव्हताच. गाडीचा दोष म्हटलं की किल्ली राहील. नाहीतर आहेतच कबुतरं. एक महिना, अहो!"

मास्तरांनी पेन धरलं. किल्ली खिशात टोचत होती. लिहायचं मागे ठेवून त्यांनी आधी चित्र काढायला घेतलं, आणि चित्र म्हटल्यावर त्यांचा हातच बदलला. एकतीस वर्षं फळ्यावर हेच तर काढलं होतं. रस्त्याच्या दोन रेघा, पांढरे पट्टे, काठीसकट म्हातारबाबा, पाइपांची गाडी, तिच्यामागे आपली गाडी. बाण काढले. मधलं अंतर मांडलं, चांगली तीस पावलं. नळवाला वाकून बघायला लागला आणि म्हणाला, "वा!"

चित्र झालं आणि मास्तर त्याच्याकडे बघत बसले. असं चित्र काढून झालं की ते वर्गाकडे वळून विचारायचे, बोला, चूक कोणाची? आणि सगळा वर्ग एका सुरात सांगायचा. भाजीवालासुद्धा.

त्यांनी खाली लिहिलं, "चूक मागच्या गाडीची. ब्रेक चांगला होता. चालक तो दुसऱ्याला दाबायला सांगत होता."

मास्तरीणबाईंनी तोंड फिरवलं.

नळवाल्याने दोनदा वाचलं. "दुसरं कोण?"

मास्तरांनी बायकोकडे बोट दाखवलं. नळवाल्याने तिच्या बाजूचं दार उघडलं, गुडघ्यावर बसून पायांकडची जागा नीट तपासली, आणि तिथे काही नाही हे पटल्यावर असा हसला की पट्ट्यांपलीकडचे म्हातारबाबाही हसले. "माझी आई तिथे बसते ना," तो म्हणाला, "ती तर न सांगताच दाबते."

संध्याकाळी लेकीने कागद वाचला आणि हात पुढे केला. मास्तरांनी किल्ली दिली. मास्तरीणबाई खिडकीपाशी जाऊन बसल्या.

"चित्र छान काढलंय," लेक म्हणाली.

"हो का?"

"ब्रेक लागला नाही असं लिहिलं असतंत, तर मी ती गाडी तुम्हाला पुन्हा दिलीच नसती. गाडीचा भरवसा कोण धरणार? आता निदान कळलं की गाडी धड आहे, माणूसच दुरुस्तीला टाकायचाय."

"म्हणजे?"

"म्हणजे क्लास. चार दिवस. मग बघू."

"क्लास? मी?" मास्तरांचा आवाज फाटला. "गावात कळलं तर काय म्हणतील?"

"म्हणतील, मास्तर अजून शिकतायत," खिडकीतून आवाज आला.

शिकवणारी मुलगी लेकीच्याच वयाची. केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक. पहिल्या दिवशी मास्तर चौकाचौकाला "ब्रेक!" म्हणायचे आणि ती मुकाट्याने आपल्या बाजूचा दाबायची. "शिकवत काहीच नाही," घरी येऊन मास्तर कुरकुरले, "नुसता पाय!" दुसऱ्या दिवशी तिने काय करावं, गाडी सुरू करायच्या आधी त्यांच्या तोंडात पेपरमिंटची गोळी दिली. चघळायची, चावायची नाही, आणि विरघळेपर्यंत अक्षर काढायचं नाही. तोंड बंद झाल्यावर मास्तरांच्या पायाला वाचा फुटली. पुढचा चौक आला आणि त्यांनी स्वतः ब्रेक दाबला, असा अलगद की मुलीला कळलंसुद्धा नाही.

"पेपरमिंट!" मास्तरीणबाईंनी ऐकून कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं संसार केला, मला कसं नाही सुचलं?"

पाचव्या दिवशी लेकीने नवा दिवा बसवलेल्या लाल गाडीची किल्ली दिली, आणि सोबत गोळ्यांची पुडी. रजई अजून धुलाईवाल्याकडेच पडली होती. मास्तरांनी गोळी तोंडात टाकली, चाकावर बसले आणि शेजारचं दार आतून उघडून धरलं. मास्तरीणबाईंनी ते दार बाहेरून लावलं आणि मागचं उघडून ऐसपैस बसल्या.

मास्तरांनी मान वळवून नुसत्या भुवया उंचावल्या.

"नको बाई पुढे," मास्तरीणबाई पदर सावरत म्हणाल्या. "तिथे फार काम पडतं. आणि आता रजई राहू द्या, आधी ती बाग कुठे आहे ते बघू."