भावकीचा नंबर

शनिवारी सकाळपासून शिवदास पालव एका जागी बसला नव्हता. हातात फोन घेऊन तो घाटकोपरच्या त्या अकराव्या मजल्यावर नुसता येरझारा घालत होता. हॉलच्या खिडकीत रेंजची एक काडी दिसायची, कानाला लावेपर्यंत जायची. मग गॅलरी, मग बाथरूमचा झरोका, मग पुन्हा खिडकी. गावी मालवणकडे राजाराम आबा अंथरुणाला खिळले होते. पालवांच्या भावकीतले सगळ्यात थोरले. आणि रविवारी मुलुंडला चुलतभावाची, रतनची वास्तुशांत होती.

आबांचं काही बरंवाईट झालं तर मुंबईतल्या सगळ्या पालवांना सुतक, आणि ती बातमी शिवदासच्या फोनवर येणार, हे वीस वर्षांपूर्वी ठरलेलं होतं. जुन्या चाळीत पहिला मोबाइल त्याचा. गिरणी बंद पडून घरी बसलेल्या बापाचा हा मुलगा कुरियरात चिकटला आणि त्याने सगळ्यात आधी फोन घेतला. २६ जुलैच्या पुरात तेवढा एकच फोन चालू होता आणि अख्ख्या चाळीने त्यावरून आपापली माणसं शोधली. तेव्हापासून फोन घ्यायचा तो त्याच कंपनीचा आणि सिम तेही तेच, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. बारसं असो की मर्तिक, गावाहून भाऊबंदांपैकी अंबादास फोन करी आणि शिवदास जेवण टाकून घरोघर सांगत सुटे. नोकरीत त्याला कुणी विचारलं नाही, भावकीत मात्र त्याच्याशिवाय पान हलत नसे.

पण चाळ पडली, टॉवर झाला आणि शिवदासची रेंज गेली. सुगंधाचं, त्याच्या बायकोचं, सिम दुसऱ्या कंपनीचं. ती स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता बहिणीशी तास तास बोलायची.

"अहो, पोर्ट करा ना आता. नंबर तोच राहतो."

"रेंज नाही म्हणून उद्या नवरा बदलशील?"

"तशी सोय असती तर कधीच बदलला असता," ती पोळी उलटत म्हणाली.

मागे गणपतीच्या बैठकीत तिने सर्वांसमोर विषय काढला होता, की निरोपासाठी माझा नंबर द्या, यांचा लागत नाही. रतनच आधी उठला होता. "वहिनी, भावकीचा नंबर दादाचाच राहणार." सगळ्यांनी माना डोलावल्या. शिवदासची छाती त्या दिवशी फुगली ती फुगलीच. म्हणून आताही समोर सुगंधाचा फोन चार्जिंगला होता, पण त्यावरून गावी लावणं म्हणजे हरल्याची कबुली. दुपारी खाली उतरून त्याने अंबादासला लावून पाहिलं, त्याने उचलला नाही. संध्याकाळी लिफ्ट बिघडली, गुडघे नाही म्हणाले, आणि तो वरच चरफडत राहिला.

रविवारी सकाळी दोघांना मुलुंडला नेणारी रिक्षा गेटबाहेर पडली आणि फोन खिशात थरथरायला लागला. चुकलेल्या कॉलचे मेसेज थांबेचनात. सगळे अंबादासचे. तेवढ्यात अंबादासचाच फोन आला.

"दादा, खंय हस? कालपासून लावतंय. आबा गेले रे. काल तिनसांजेक."

शिवदासने फोन कानाशी घट्ट दाबला. "अरे, मगे वयनीच्या फोनार कित्याक नाय लावलंस?"

"लावतलंय होतंय, पण माका..." आणि फोन कट. पुन्हा लावला तर लागेना.

सुगंधाने तोंडाला पदर लावला. मग हळूच म्हणाली, "पूजा होऊ दे हो. मग सांगा. त्यांनी किती तयारी केलीय."

शिवदासने फोन खिशात ठेवला. भावकीचा हिशोब साधा होता, कानावर आलं की सुतक लागलं, कानावर नाही तोवर माणूस मोकळा. म्हणजे निरोप सांगणं न सांगणं आता त्याच्या एकट्यावर होतं. सांगितलं तर रतनची पूजा मोडणार, पुढे चातुर्मास, दिवाळीपर्यंत मुहूर्त नाही. नाही सांगितलं तर सगळे पालव सुतकात पुरणपोळी खाणार, आणि ती त्याने खाऊ घातलेली असणार. भांडुपपर्यंत त्याने चारदा ठरवलं आणि चारदा मोडलं. आबांनी त्याला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. त्यांच्यासाठी रडायलासुद्धा त्याला सवड होईना, याचाच त्याला राग येत होता.

रतनच्या घरात तोरण लागलं होतं, भटजी पाटाभोवती मांडामांड करत होते. मुकटा नेसलेल्या रतनला शिवदासने आतल्या खोलीत ओढलं.

"रतन, आबा गेले."

रतनने दार लोटून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. "दादा, हळू बोल ना यार."

"तुला माहीत होतं?"

"अंबादासने काल मलाच आधी केला. मी म्हटलं, मी ऐकलं नाही असं समज. दुसऱ्या कुणाला करू नकोस, रीतीप्रमाणे दादाला कळव, दादा सगळ्यांना सांगेल."

"पण माझा फोन..."

"लागत नाही. वाडीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे." रतनने त्याचा हात धरला. वाईट हेतूने बोलत नव्हता, समजूत घालत होता. "म्हणून तर नंबर तुझाच ठेवलाय ना, दादा. तुला कळत नाही, तोवर सगळे मोकळे. मागच्या वर्षी माझ्या मेव्हण्याकडच्या साखरपुड्याला आपण सगळे गेलो, तेव्हाही सुतक होतंच, तुला उशिरा कळलं एवढंच. कुणाचं काय बिघडलं? आता संकल्प होईपर्यंत गप्प बस, एकदा तो झाला की सुतक पूजेच्या आड येत नाही. बस, एवढंच."

शिवदासला ती बैठक आठवली. डोलणाऱ्या सगळ्या माना आठवल्या. इतकी वर्षं ज्याला तो मान समजत होता, ती सगळ्यांची सोय होती.

बाहेरून भटजींनी हाक मारली, "यजमान, या."

रतन जाऊन पाटावर बसला. बायको शेजारी बसली, तिने त्याच्या हाताला हात लावला. भटजींनी पळीत पाणी घेतलं. हॉलभर पालव बसले होते, नव्या साड्या, नवे शर्ट. शिवदास दारात उभा राहिला. सुगंधा लांबूनच मानेने नको नको म्हणत होती.

"राजाराम आबा गेले," तो म्हणाला. आवाज चिरकला, म्हणून पुन्हा एकदा मोठ्याने म्हणाला. "काल संध्याकाळी. सगळ्यांनी ऐकलं ना?"

भटजींनी पळी ताम्हनात ठेवली. रतनची बायको हमसून रडायला लागली. आबांसाठी की पूजेसाठी, कोण सांगणार. रतनने त्याच्याकडे पाहिलं, ते पाहणं शिवदासला पुढे कधीच विसरता आलं नाही. तो जिन्यात आला. इथे फोनला रेंज भरभरून होती. त्याने अंबादासला लावला, तो पहिल्याच रिंगला लागला.

"निरोप पोचलो रे," शिवदास म्हणाला. "सगळ्यांक सांगितलंय."