आईने अडवलेला हातोडा

माझ्या बाबांचा हात आधी उठायचा आणि शब्द मागून यायचे. भांडण पाच मिनिटं चाललं आणि बाबांनी कुणाला मारलं नाही, असं माझ्या लहानपणी घडलेलं मला आठवत नाही. तरीही चंदननगरच्या आमच्या चाळीत कुणाचं काही मोडलं, की पहिली हाक त्यांनाच जायची. पाण्याची मोटर, शिलाई मशीन, सायकल, म्हाताऱ्यांच्या चष्म्याची काडी, त्यांना काहीही चालायचं. तोंडावर सगळे त्यांना मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे मारकुटा मिस्त्री.

ते मूळचे मूर्तिजापूरचे. तिथे कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करता करता यंत्रं शिकले आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्यात नवे कारखाने भराभर उघडत होते तेव्हा, फिटर म्हणून इथे आले. एवढी वर्षं पुण्यात काढूनही बोलणं वऱ्हाडीच राहिलं. एकदा मी शाळेतून आल्यावर म्हणाले, "बाबा, तुम्ही शाळेत येऊ नका. तुमच्या बोलण्याला मुली हसतात." कानाखाली अशी बसली, की संध्याकाळपर्यंत त्या कानात शिट्टी वाजत होती. पुढच्या रविवारी त्यांनी पॅकिंगच्या फळ्यांतून मला अभ्यासाचं टेबल करून दिलं. कडा पॉलिश पेपरने घासून इतक्या गुळगुळीत केल्या होत्या, की हात फिरवत बसावंसं वाटे. माफी मागणं त्यांना येत नव्हतं, टेबल करता येत होतं.

आईवर त्यांचा हात उठलेला मी एकदाच पाहिला. ती रडली नाही. परात आणि ज्वारीचं पीठ त्यांच्यापुढे सरकवून म्हणाली, "ज्या हातानं मारलं, त्याच हातानं आज भाकर थापा. मी नाई उठत." बाबांनी थापली. भाकर कुठे जाड, कुठे फाटलेली, मधे करपलेली. आईने ती चवीने खाल्ली आणि आम्हालाही खायला लावली. त्यानंतर तिच्यावर त्यांनी हात टाकला नाही.

कारखान्यातली मारामारी मात्र साऱ्या नगर रस्त्यावर गाजली. माल लवकर निघावा म्हणून प्रेस मशीनची संरक्षक जाळी काढून ठेवलेली होती. एका कामगाराची चार बोटं त्यात गेली. सुपरवायझर धावत आला आणि म्हणाला, "रक्त पुसा आणि लाईन चालू करा." बाबांनी त्याचे दोन दात पाडले, मग स्टुलावर बसून पोलिसांची वाट पाहिली. नोकरी गेली. घरी येऊन आईला म्हणाले, "मी साहेबाले सांगतलं, दात मले बसवता येत नाई, बाकी काई मोडलं असंन तर नीट करून देतो." आई हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली.

त्यानंतर त्यांनी स्वतःचं वर्कशॉप टाकलं आणि वाघोलीत दीड गुंठा जागा घेतली. तेव्हा तिकडे ज्वारीची शेतं होती. घर त्यांनी स्वतःच बांधायला घेतलं. चार वर्षं प्रत्येक रविवारी आम्ही तिघं तिथे असायचो. आई वाळू चाळायची, मी विटा द्यायचे, बाबा रचायचे. ओळंबा लावून एक डोळा मिटून भिंतीकडे बघताना ते जेवढे शांत दिसत, तेवढे एरवी कधीच दिसले नाहीत.

मग खराडीला काचेच्या इमारती उठल्या, त्यांत संगणकावर काम करणारे हजारो लोक आले आणि वाघोलीची माती एकाएकी सोन्याची झाली. आमच्या आजूबाजूची जमीन एका बिल्डरने घेतली. आमचा तुकडा बरोबर त्याच्या रस्त्यात येत होता. त्याची माणसं दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा आली ती कागद घेऊनच. त्यांतला गळ्यात जाड साखळी घातलेला एकजण म्हणाला, "मिस्त्री, तुमी बाहेरगावची मान्सं. गप सही करा न् आपल्या गावाला जावा."

"माहं गाव हे हाय," बाबा म्हणाले आणि कागद फाडला.

पुढच्या रविवारी सकाळी बिल्डरची माणसं जेसीबी घेऊन आली. सहाजण होते, हातात लोखंडी गज. मी तेव्हा बारावीत होते. यंत्राच्या एका धक्क्यात कंपाउंडची भिंत आडवी झाली. बाबा शिडीवर चढून चौकट ठोकत होते, ते हातोडा घेऊनच उतरले. पहिला गज त्यांच्या पाठीवर बसला, तो आवाज ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा होता. ते पडले नाहीत. वळले आणि त्याच माणसाच्या गुडघ्यावर हातोडा घातला. दुसऱ्याने आईला ढकललं, तिचं कपाळ विटांवर आपटून फुटलं. ते पाहिल्यावर बाबा माणसात राहिले नाहीत. साखळीवाल्याला त्यांनी खाली पाडलं, छातीवर गुडघा रोवला, डाव्या हाताने गळा धरला आणि उजव्या हाताने हातोडा वर नेला. त्या माणसाने डोळे मिटून घेतले होते. त्याच्या पँटला ओल आलेली मला दिसली.

आई किंचाळली, "अवो, थांबा! नका मारू त्याले!"

बाबा थांबले. हातोडा हवेतच राहिला. त्या एका क्षणात मागून दुसऱ्याचा गज त्यांच्या मनगटावर आला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग त्या सगळ्यांनी मिळून त्यांना लाथांनी तुडवलं. शेजारच्या शेतातली माणसं कोयते घेऊन धावली, तेव्हा ती टोळी पळाली.

मनगटात स्टीलच्या पट्ट्या घातल्या, पण तीन बोटं पुन्हा मिटलीच नाहीत. दवाखान्यात आई पलंगाच्या दांडीवर डोकं आपटत होती. "मी वरडली नसती तर तुमचा हात वाचला असता."

"अन् मी खुनी झालो असतो," बाबा म्हणाले. "तू वरडली म्हणून पोरीचा बाप घरी हाय. आता पुन्हा हे बोलू नको."

सदाशिव पेठेतल्या वकिलांनी आमच्या जखमांचे फोटो बघून चष्मा काढला. "मार खाल्ल्याचा पुरावा उत्तम आहे. जागेचाही काही आणलाय का आपण?" बाबांनी सातबारा, खरेदीखत सगळं पुढे ठेवलं. केस सात वर्षं चालली. साक्षीदार फिरले, मिटवायला निरोप आले, एकदा वर्कशॉप जाळलं. बाबा प्रत्येक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून कोर्टात जाऊन बसले. शेवटी तिघांना शिक्षा झाली आणि घर उभं राहिलं. उरलेल्या भिंती त्यांनी डाव्या हाताने रचल्या. म्हणायचे, "हा नवा कामगार हाय. शिकवा लागते त्याले."

त्यांनी पुन्हा कुणावर हात उगारला नाही. हात मोडल्यामुळे, असं लोक म्हणत. पण पुढे त्याच डाव्या हाताने त्यांना सिमेंटचं पोतं एकट्याने उचलताना मी पाहिलंय.

मी इंजिनिअर झाले, खराडीतल्याच एका काचेच्या इमारतीत नोकरीला लागले. एका दुपारी आईचा फोन आला, बाबांच्या छातीत कळ निघाली होती. मी घरी धावले. रुग्णवाहिका येईना, म्हणून त्यांना रिक्षात घातलं. वाघोलीच्या चौकात गाड्या चारही बाजूंनी अडकल्या होत्या. आमच्या पुढे एक मोठी गाडी आडवी घुसून उभी होती. मी उतरले, तिच्या बॉनेटवर दोन्ही मुठी आपटल्या. काच खाली झाली आणि आतला माणूस म्हणाला, "ओ मॅडम, डोकं फिरलंय का? गाडी काय तुमच्या बापाची आहे?"

मी दार उघडून त्याची कॉलर धरली आणि त्याला बाहेर ओढलं. त्याच्या शर्टाची दोन बटणं तुटली. माझ्या तोंडातून काय शिव्या गेल्या, मला माहीत नाही. त्याला मारायचं, एवढंच डोक्यात होतं.

"सोड त्याले, पोरी." रिक्षातून बाबांचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "गाडी मागं घेऊ दे."

त्या माणसाने वळून रिक्षात पाहिलं. बाबांचा घामाने निथळणारा चेहरा आणि छाती चोळणारी आई त्याला दिसली असावी. त्याने गाडी मागे घेऊन कडेला लावली, खाली उतरला आणि उघड्या शर्टाने आमच्या रिक्षापुढे धावायला लागला. गाड्यांच्या टपावर थापा मारत, ओरडत, हात जोडत त्याने थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत आम्हाला वाट करून दिली.

बाबा तिसऱ्या दिवशी गेले. दवाखान्यात पोचल्यापासून ते शुद्धीवर आलेच नव्हते. माझ्याशी त्यांचं शेवटचं बोलणं झालं ते त्या चौकात.