घरची आयकत नाई

आरमोरीच्या आमच्या कार्यालयातले एक बाबू चहा बशीत ओतून फुंकत बसत. पहिल्या बायकोकडं राहणाऱ्या मुलीच्या खावटीचं कुणी विचारलं, की उसासा टाकत. "मी तं आजच देतो भाऊ, पण नवी घरची आयकूनच नाई राह्यली." आम्हीही त्या न पाहिलेल्या बाईला नावं ठेवायचो.

एकदा ती त्यांचा विसरलेला डबा घेऊन आली. मी विचारलंच, "बाई, पोरीच्या खावटीले नाई काऊन म्हणता?"

ती त्यांच्याकडं वळली. "तुमी तं दर महिन्याले देतो म्हणता! म्हणूनच मी उरलेल्यात घर चालवून राह्यली."

त्याच दुपारी तिनं त्यांना बँकेत नेऊन थकलेली खावटी भरायला लावली.

आता बाबू सांगतात, "घरची नाई म्हणे, पण मी नाई आयकलं. लेकरू आहे ना शेवटी!"