सायकलवाल्याने जोडलेली चेन

हत्यार विकत घ्यायला निघालो की माझी छाती आजही धडधडते. लग्नाला उभा राहिलो तेव्हा एवढी धडधडली नव्हती असं बायको सांगते, आणि ते खरं आहे.

त्या साली पाऊस सरता सरता ठाण्याच्या वखारीत काम करणाऱ्या मेव्हण्याने पेट्रोलवर चालणारी झाडं कापायची मशीन आणून दिली. जुनी होती, पण दोरी ओढली की पहिल्याच झटक्याला डरकाळी फोडायची. मोखाड्यात तेव्हा अशी मशीन कोणाकडे असली तर लोक मुद्दाम बघायला जायचे. एका ठेकेदाराकडे मालकी जागेतली, परवानगी मिळालेली झाडं तोडायचं काम होतं. तो म्हणाला, "मशीन चालती दाखव, उन्हाळ्यापर्यंत काम तुझं."

मी बाजारात सायकली दुरुस्त करायचो. पण दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि अर्धा गाव भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा. गिऱ्हाईकच ट्रकमध्ये बसून गेल्यावर दुकान उघडायचं कोणासाठी? मग आम्हीही चढायचो. त्या साली मात्र मुलगी पहिलीत बसली होती आणि पाटीवर स्वतःचं नाव काढायला लागली होती. ट्रकमध्ये चढली की ते सगळं पुसलं जाणार, हे मला आणि बायकोला दोघांनाही कळत होतं. ट्रक यायचा होता नेमका सुट्टी संपून शाळा उघडायच्या सकाळी. त्याच सकाळी मी ठेकेदारालाही बोलावून ठेवलं.

अडचण एकच होती. मशीनवरची चेन पार झिजलेली, आणि मेव्हण्याने दिलेली चांगली चेन मोठ्या पात्याची, आमच्यापेक्षा हातभर लांब. ती लहान करून पुन्हा जोडायची. मला हसूच आलं. चेन लहान करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

तरी हत्यारं बघायला जव्हार गाठलं. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक पेटी काढली. आत दोन चकचकीत हत्यारं. एकाचा दांडा फिरवला की जुनी पिन निघते, दुसऱ्याचा फिरवला की नव्या पिनेचं डोकं गोल चेपलं जातं. हातात घेतलं ते सोडवेना. दुकानदाराने किंमत सांगितली आणि आपोआप सुटलं. मग त्याने तसलंच स्वस्तातलं दाखवलं. त्याचे आटे इतके ढिले की दांडा न फिरवताच डुलत होता. मी तोंड वाकडं करून ते परत केलं. दातांना धार लावायची गोल कानस मात्र घेतली. झिजल्या चेनचा मोडून पडलेला एक दात खिशात नेला होता, त्याच्या खोबणीत ती बसवून, फिरवून, दुकानदार वैतागेपर्यंत पारखून घेतली. "जोडायच्या नव्या कड्या देऊ का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "कशाला? जुन्या पिना आहेत की."

सायकलची पिन पुरती काढत नाहीत, अर्धी सरकवतात आणि तीच परत ठोकतात. मी तेच केलं. सायकलच्या हत्याराचं टोक पहिल्याच पिनेला मोडलं, तर कानशीने पिनेचं डोकं घासलं, खिळ्याने पिन सरकवली, जुनी चेन शेजारी ठेवून लांबी जुळवली आणि पिन परत ठोकली. मनात आनंद मावेना. घरामागे जांभळाचा वाळका ओंडका पडला होता, त्यावर मशीन टेकवली. क्षणभर भुसा उडाला आणि खाडकन चेन तुटून गवतात पडली.

बायको धावत आली. तिने आधी माझे हात बघितले, मग तोंड. "लागला नाय ना? मग गाठोडी बांधू?"

मेव्हण्याला, दुकानदाराला, मशीनला सगळ्यांना शिव्या देऊन झाल्या. मग चेनचं तुटकं टोक डोळ्यांजवळ धरलं, आणि पेटलेल्या दिव्याखाली आल्यासारखं सगळं लख्ख दिसलं. पिनेचं डोकं मीच घासून उडवलं होतं. मग ती धरून राहणार कशाच्या जोरावर? इथे जुनी पिन चालत नाही, नवीच लागते आणि तिचं डोकं फुलवावं लागतं! राग कुठल्या कुठे गेला. मी अनवाणीच जव्हारला जाणाऱ्या भाड्याच्या जीपकडे पळालो.

दुकानातून नव्या पिनांच्या कड्या घेतल्या आणि जव्हारातच विळे-कोयते घडवणाऱ्या चाचांकडे गेलो. जमिनीवर बोटाने चित्र काढून दाखवलं. चेन उभी बसेल अशी खाच असलेला लोखंडाचा तुकडा, म्हणजे छोटी ऐरणच, आणि टोकाला खोलगट असा, पिनेवर ठेवून ठोकायचा एक पंच.

चाचा हसले. "सायकलवाला, अब क्या झाड को पॅडल लगाएगा?" पण घडवून दिलं, आणि दोन्हींची मिळून किंमत त्या पेटीच्या पासंगालाही पुरली नसती. जीपमध्ये ती ऐरण मी मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्याने विचारलं नव्हतं, तरी त्याला सगळं सांगितलं.

घरी येऊन पिनेचं डोकं जरा जरा ठोकत फुलवलं. बायकोने जोडलेली कडी बोटांनी वाकवून बघितली. "हितं आखडतंय. जास्त ठोकला तू." खरंच आखडत होती. पंचाने हलकेच सैल केली, तेव्हा कुठे तिने मान हलवली. गाठोडी मात्र तिने बांधून ठेवली होती. मी ती बघितली नाहीत असं दाखवलं.

सकाळी ठेकेदार ओंडक्याशी येऊन उभा राहिला. मी दोरी ओढली. चेन लाकडात शिरली ती शिरतच गेली, सुका भुसा माझ्या केसांत, तोंडात, आणि मी वेड्यासारखा हसत होतो. जांभळाचे दोन तुकडे होऊन पडले तरी मशीन बंद करावीशी वाटेना. ठेकेदाराने हाताने खूण केली, तरी मी आणखी एक चकती कापली.

मुकादमाचा ट्रक तेव्हा आमच्या दारात उभा राहून हॉर्न वाजवत होता म्हणे. मला तो ऐकूच आला नाही. मशीन बंद करून वळलो तेव्हा रस्त्यावर नुसती धूळ होती, आणि बायको ओट्यावर बसून गाठोडं सोडत होती. मुलीची पाटी तळाशी गेली होती, ती तिने आधी शोधून काढली.