राखून ठेवलेलं औषध

कुमुदच्या भाचीचा, वैशालीचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशन आटोपून हात धूत होतो. "काका, मावशी गेली," एवढंच ती म्हणाली. मी "बरं" म्हणालो आणि पुन्हा साबण लावला... कुमुदची अवस्था पाहून आलो होतो, त्यामुळे धक्का वगैरे बसला नाही. फक्त फार थकल्यासारखं झालं, आणि दीड महिना उलटला तरी तो थकवा काही उतरत नाही.

कुमुद आणि मी नांदेडला एकत्र शिकलो. मी सर्जरीला गेलो, ती सूक्ष्मजीवशास्त्राला. हुशार मुलं तेव्हा तिकडे फिरकत नसत. पेशंटचं तोंड न बघणारी डॉक्टर म्हणून आम्ही तिची टिंगल करायचो. भूकंप झाला तेव्हा आम्ही दोघंही शिकाऊच होतो. लातूरकडून जखमी येत राहिले, जखमांत माती भरलेली, आणि आम्ही भराभर टाके घालून सगळ्यांना एकच इंजेक्शन ठोकत होतो. त्यात एक शाळामास्तर होते. त्यांची गुडघ्याखालची जखम काही केल्या भरेना. कुमुदनं तिथला पू नेला, काचेच्या बशीत जंतू वाढवले आणि त्यावर औषधांत भिजवलेल्या कागदी टिकल्या ठेवल्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवतीचे जंतू मरतात आणि स्वच्छ गोल दिसतो. दुसऱ्या दिवशी तिनं मला बशी दाखवली. आमच्या इंजेक्शनच्या टिकलीला जंतू अगदी खेटून वाढले होते. "नुसतं पाणी टोचून राहिलात तुम्ही," ती म्हणाली. "आणि हा जंतू काही मातीतला न्हाई, आपल्याच वॉर्डातला हाय." दुसरं औषध मिळेपर्यंत उशीर झाला आणि मास्तरांचा पाय कापावा लागला. कुमुदचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका बशीनं ठरवलं असं मला वाटतं.

पुढे लातूरला तिनं स्वतःची लॅब काढली, आणि काही वर्षांत आजूबाजूला क्लासेसचं पेव फुटलं. लोहा, अहमदपूर, कुठकुठून मुलं येऊन एकेका खोलीत दाटीनं राहू लागली. सगळ्यांना पाणी एकाच टाकीचं, जेवण एकाच मेसचं. आजारी पडायला अजून काय लागतं? मूल तापलं की बाप गावाहून धावत यायचा. एकदा मी तिथं बसलेलो असताना हदगावकडचे एक गृहस्थ आले. "म्याडम, पोरीची परीक्षा तोंडावर आलीय. सगळ्यात भारी औषध कोणतं, तेवढं लिहा."

"भारी लागत न्हाई हिला," कुमुद म्हणाली. "साध्यानंच मरून राहिलाय हा जंतू."

"पण भारी दिलं तर लवकर बरी हुईल की."

"न्हाई होत, दादा. आणि ते औषध उद्या हिच्या लेकरांना उरायला पाहिजे का न्हाई?" गृहस्थ नाराज होऊनच गेले.

तिची पद्धतच तशी होती. बशीवर ती सगळी औषधं तपासायची, पण साधं औषध लागू पडत असेल तर शेवटच्या, म्हणजे दुसरं काहीच चालेना तेव्हाच द्यायच्या औषधांची नावं रिपोर्टात छापायचीच नाही. नाव दिसलं की डॉक्टर तेच लिहितो, आणि सारखं वापरलं की जंतू तेही पचवायला शिकतो, असं तिचं म्हणणं. खरंच गरज असेल त्यानं फोन करावा, ती लगेच सांगायची. पण हे आम्हा डॉक्टरांना कुठलं रुचायला? मीसुद्धा नांदेडहून सॅम्पल पाठवून तिच्याशी भांडायचो. "पेशंट माझा आहे, कुमुद." त्यावर ती म्हणायची, "पेशंट तुझा, पण औषध काय एकट्या तुझ्या पेशंटचं हाय का?" हळूहळू तिच्याकडे येणारी सॅम्पलं कमी झाली. समोरची लॅब सगळी नावं रंगीत कागदावर छापून देत होती. कुमुद चिडली नाही, फक्त तिचं बोलणं कमी झालं.

मग ती घरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, चांगलं झालं, आणि तिथल्याच जंतूनं तिला गाठलं. तिचा रिपोर्ट मीच तिला वाचून दाखवला. मी एकेक नाव घेत होतो आणि ती डोळे मिटून मान हलवत होती. शेवटच्या औषधापाशी मी थांबलो... ते तिनं इतकी वर्षं जपलेलं औषध.

"त्याला पण खेटलाय ना?" तिनं विचारलं.

मी हो म्हणालो. मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा, ते आजही सांगता येणार नाही.

"मी एकटीनं राखून किती राखणार होते रे," ती म्हणाली. मग तिनं कूस बदलायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

परवा लातूरला गेलो. लॅब आता तिची ही भाची, वैशालीच बघते. जंतू वाढवायची पेटी कोपऱ्यात चालू होती. वैशालीनं त्यातून आदल्या दिवशी ठेवलेली एक बशी काढून माझ्या हातात दिली. माणसाच्या अंगाइतकी ऊब असते त्या बशीला. साध्या औषधाच्या टिकलीभोवती चांगला मोठा, स्वच्छ गोल पडला होता.

"काका, डॉक्टर लोक सारखे फोन करून राहिलेत," ती म्हणाली. "सगळी नावं छापा म्हणतेत, न्हाई तर सॅम्पल पाठवत न्हाई. काय करू?"

"थांब, कुमुदला विचारून सांगतो," मी म्हणालो.

वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातली बशी अलगद काढून घेतली आणि रिपोर्ट लिहायला बसली. एकच औषध लिहिलं तिनं.