एका खोलीपुरती लाईट

मुख्य बोर्डाचं झाकण काढलं आणि मी हात मागं घेतला. लाकडी फळीची एक बाजू काळी पडली होती. चिनी मातीच्या जुन्या फ्यूजांना वळसा घालून एक तार थेट मेन स्विचला पिळलेली होती. वरून चिकटपट्टी.

"ही कुणी जोडली?" मी विचारलं.

"एसी बसवायला आल्ता त्यानं," बसलिंगअप्पा म्हणाले. "चांगलं चालायलंय की."

अप्पांचं उदगीरच्या बाजारात भांड्यांचं दुकान होतं. आता ते पुतण्या बघायचा. घरात अप्पा आणि महानंदाकाकू दोघंच. मुलगी बिदरला दिलेली. मी लातूरच्या एका सोलर कंपनीत साईट इंजिनिअर होते. सेल्सवाल्यानं ऑर्डर आणायची आणि आम्ही जाऊन बसवायचं, अशी कामाची वाटणी.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं. उदगीर जिल्हा होणार, अशी हवा पुन्हा उठली होती, त्यामुळे प्रत्येकाला घर नीट करायचं होतं, पण पाण्यावाचून बांधकामं अडलेली. सोलरला पाणी लागत नाही. म्हणून आम्हाला दम घ्यायला फुरसत नव्हती.

अप्पांच्या छतावर पॅनल बसून झाली होती. फक्त खाली बोर्डाला जोडायचं राहिलं होतं, आणि तिथंच अडलं.

बोर्डात मेन स्विचच्या पुढं एक पट्टी असते. तिला बसबार म्हणतात. घरातल्या सगळ्या सर्किटांना तिथून वाटणी होते. तिला हौद समजा. आजवर त्या हौदात एकच टँकर ओतत होता, खांबावरून येणारी लाईट. टँकर किती ओततो यावर मेन स्विचमधला फ्यूज लक्ष ठेवतो. सोलर जोडलं की त्याच हौदात दुसरा टँकर ओतू लागतो, आणि तो त्या फ्यूजला दिसतच नाही. घरातला लोड वाढला की दोन्हीकडून करंट येतो, पट्टी तापते, आणि फ्यूज काही उडत नाही. अप्पांची पट्टी आधीच तापून काळी झाली होती.

मी आमच्या सरांना फोन लावला.

"जोडून टाका मॅडम," सर म्हणाले. "सगळे तसंच करायलेत."

"आग लागली तर?"

"घरातला बोर्ड आपल्या वॉरंटीत येत नाही."

"मग टेस्ट रिपोर्टवर सही तुमची घ्या. मी करणार नाही."

"बघा काय ते," सर म्हणाले आणि फोन ठेवला.

मी अप्पांना हे सगळं समजावून सांगत होते, तेवढ्यात लाईट गेली. आतल्या खोलीतून बारीक शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. अप्पा बोलणं अर्धवट टाकून अनवाणी आत पळाले. मीही मागं गेले. कॉटवर महानंदाकाकू उशीला टेकून बसल्या होत्या. नाकात नळी. शेजारी ऑक्सिजनचं मशीन. ते हवेतून ऑक्सिजन वेगळा करतं, पण त्याला सतत लाईट लागते. काकूंची फुफ्फुसं कडक होत चालली होती. अप्पांनी कोपऱ्यातल्या सिलेंडरची चावी फिरवली, नळी त्याला लावली. काकू मात्र शांत होत्या.

बाहेर आल्यावर अप्पा घाम पुसत म्हणाले, "ह्याच्यापायीच सोलर घेतलं, बाई. आता लाईट गेली तरी हिचं मशीन बंद पडणार न्हाई."

मी ऑर्डर पाहिली होती. त्यात बॅटरी नव्हती. ऑन-ग्रिड सिस्टिम होती. ती खांबावरच्या लाईटीच्या जोडीनंच चालते. लाईट गेली की स्वतःहून बंद पडते, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनला आपल्या घरातून शॉक बसेल.

हे त्यांना सांगणं भाग होतं. सांगितलं.

"भर उन्हात पण?" अप्पांनी विचारलं.

"भर उन्हात पण."

ते पायरीवर बसले. बराच वेळ छताकडं बघत राहिले.

"त्या सेल्सवाल्याला मी खोलीत नेऊन मशीन दाखवलं हुतं," ते म्हणाले. "त्यानं मान हालवली की."

ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

सरांशी माझं यावरून दोनदा वाजलं. शेवटी त्यांनी बॅटरीवर चालेल असा सोलरचा इन्व्हर्टर बदलून दिला आणि बॅटरी दिली. सगळं घर चालेल एवढी ती नव्हती. म्हणून मुख्य बोर्ड नवा बसवायचा आणि काकूंच्या खोलीसाठी वेगळा छोटा बोर्ड काढायचा, असं ठरवलं. त्यावर मशीन, एक पंखा, एक दिवा. लाईट गेली तर फक्त तेवढं बॅटरीवर चालणार.

बोर्ड बदलताना दिवसभर लाईट बंद ठेवावी लागली. मोठा सिलेंडर आणून काकूंना सोप्यात बसवलं. तिथून त्या माझं काम बघत होत्या.

"तू लाईटीचं शिकलीस व्हय?"

"हाव काकू."

"म्हणजे माझ्या खोलीत पंखा चालणार, अन् ह्यांच्या न्हाई?"

"हो. मशीनसाठी तसं करावं लागलं."

"मग ह्यान्ला उकडंल की."

"त्यांनी तुमच्या खोलीत यावं."

काकू हसल्या. हसताना खोकला आला. तो थांबल्यावर हळू आवाजात म्हणाल्या, "लगीन झाल्यापासून दुकान अन् बाहेरची खोली. कधी दोन घटका बसले न्हाईत माझ्याजवळ. आता उकाड्यापायी तर येतील."

दुपार कलल्यावर काम उरकलं. काकूंना खोलीत नेलं, मशीन सुरू केलं, आणि मी मेन स्विच खाली ओढला. सगळं घर बंद. मशीनची घरघर तशीच चालू. अप्पा मशीनवर हात ठेवून उभे राहिले.

त्या उन्हाळ्यात अप्पांचे फोन येत. "लाईट गेलीया बाई. मशीन चालू हाय." एवढंच बोलून ठेवून द्यायचे. एकदा म्हणाले, "माझी कॉट पण हितंच आणून टाकली."

मग फोन थांबले. आभाळ अजून कोरडंच होतं. पुतण्यानं कळवलं, काकूंना ताप आला, छातीत इन्फेक्शन झालं, लातूरला नेलं आणि तिथंच त्या गेल्या. लाईटीचा त्यात काही संबंध नव्हता. तरी मी दोनदा विचारून घेतलं.

पुढं काही आठवड्यांनी अप्पांचा फोन आला.

"बाई, ते जोडलेलं काढून टाका. लाईट गेली की समद्या घरात अंधार, अन् तिची खोली तेवढी उजेडात. रिकाम्या कॉटवर पंखा फिरायलाय. मला बघवंना."

मी गेले. मशीन कुणाला तरी देऊन टाकलं होतं. वायर काढणं सोपं होतं. पण बॅटरी चांगली होती, ती दुसऱ्या कशाला तरी जोडायला हवी होती.

"फ्रिज जोडू? स्वयंपाकघर?" मी विचारलं. बोअर केव्हाच आटली होती, त्यामुळे मोटरीचा प्रश्नच नव्हता.

अप्पांनी घरभर नजर फिरवली. खरंच विचार करत होते.

"बंद पडलं तर अडंल, असं आता काय ऱ्हायलं न्हाई," ते म्हणाले. "तुमच्या मनानं जोडा."

मी बाहेरच्या खोलीचा पंखा आणि दिवा जोडला. टेस्ट करायला मेन स्विच ओढला. काकूंच्या खोलीतला दिवा विझला. अप्पा दाराशी उभे होते. त्यांनी आत जाऊन खिडकी लावली, बाहेर आले आणि मला म्हणाले, "चहा घेऊन जावा."

आता नव्या साईटवर गेले की किती किलोवॅट बसवायचे हे मी नंतर विचारते. आधी विचारते, लाईट गेल्यावर घरातलं काय बंद पडून चालणार नाही? उत्तराप्रमाणे बोर्ड ठरतो. बहुतेक लोक टीव्ही म्हणतात. ते ऐकून मला बरं वाटतं.